इन्स्ट्रुमेंट रेटिंग: कामाची वही

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सॅन होजे

वही आजपासून. खाजगी वैमानिकाचं लायसन्स हातात आहे, पण त्यावर ढगात शिरता येत नाही; त्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवण्याची परवानगी लागते. ढगाच्या खालून जाताना ५०० फूट, वरून १,००० फूट आणि बाजूनं २,००० फूट अंतर राखायचं, आणि समोर तीन मैल दिसायला हवं. कॅलिफोर्नियात राहून ढगाची काय चिंता, असं मिरजेहून आई विचारते. तिला इथला जून माहीत नाही. रात्री समुद्राकडून ढगाचा थर आत सरकतो आणि सकाळी दहा-अकरापर्यंत हलत नाही. वर लख्ख ऊन, खाली करडा उजेड, मध्ये जेमतेम हजार फूट जाडीचा ढग. मी आयसीयूत नर्स. आठवड्यातून तीन बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, मग उरलेले दिवस माझे. ते दिवस विमानाशेजारी उभं राहून वर बघण्यात जायला लागले, तेव्हा हे रेटिंग करायचं ठरवलं.

नियमानं काय लागतं ते एकदा लिहून ठेवते. क्रॉसकंट्रीचे (दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणांचे) ५० तास, विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. फक्त उपकरणांवर उडवण्याचे ४० तास, त्यातले निदान १५ या रेटिंगच्या अधिकृत शिक्षकाबरोबर. एक २५० नॉटिकल मैलांची मोठी फेरी, तीन वेगळ्या प्रकारच्या, उपकरणांवर धावपट्टीकडे उतरण्याच्या, अ‍ॅप्रोच करत. लेखी परीक्षा ६० प्रश्नांची, अडीच तास, ७० टक्क्यांना पास. मग तोंडी आणि प्रत्यक्ष. मी अजून भारतीय नागरिक, त्यामुळे ग्रीनकार्ड असलं तरी या प्रशिक्षणाला टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी लागते. ते झालं.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडवण्याचं शिक्षण नसलेले २० जण घेतले आणि त्यांना नकली ढगात टाकलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. बाईंनी पहिल्या दिवशी हा आकडा सांगितला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. (बाई म्हणजे माझ्या शिक्षिका. साठी ओलांडलेली, पूर्वी रात्रीची मालवाहू विमानं उडवलेली अमेरिकन बाई. तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारते, वहीत बाईच.)

२ मार्च, रविवार

आज मराठी उपासना. आमची मंडळी छोटी. एका अमेरिकन चर्चची जागा दुपारपुरती मिळते. पाळकसाहेबांना माझ्या शिक्षणाचं कळलेलं होतं, आणि उपदेशात मी आलेच. विश्वास म्हणजे काय? आपली ही बहीण ढगात शिरते, बाहेरचं काही दिसत नाही, तरी समोरच्या काट्यावर विश्वास ठेवून पुढे जाते. मागच्या बाकांवरून आमेन.

प्रीतिभोजनाच्या रांगेत हातात पुलावाची ताटली घेऊन मी त्यांना गाठलं. म्हटलं, पाळकसाहेब, एका काट्यावर विश्वास ठेवला तर मी मरेन. ते हसले. "मग बाई, तूच सांग एकदा मंडळीला." जूनमधला एक रविवार त्यांनी तिथंच डायरीत लिहून घेतला. बोलून बसले खरी.

याच रांगेत दर वेळी दुसरा प्रश्न येतो: मग आफ्रिकेला कधी? ख्रिस्ती मुलगी विमान शिकते म्हणजे मिशनरी वैमानिक होणार, हे गृहीतच. त्यात चूक काही नाही. मिशन एव्हिएशन फेलोशिप १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी उभी केली आणि १९४६ मधलं तिचं पहिलं विमान बेटी ग्रीन नावाच्या बाईनंच मेक्सिकोला नेलं. पण मला आयसीयू सोडायचं नाही. मला किनाऱ्यावरच्या मॉन्टेरेला जाऊन मासे खाऊन परत यायचं आहे, तेही सकाळी. एवढं साधं कारण चर्चमध्ये सांगायला लाज वाटते हे मात्र खरं.

१५ मार्च, शनिवार

रीड-हिलव्ह्यू या आमच्या विमानतळाहून दक्षिणेकडे, सॅन मार्टिनच्या पुढपर्यंत. विमान जुनं सेस्ना १७२, गोल घड्याळांचं. (रीड-हिलव्ह्यूला २०२२ पासून फक्त शिसेविरहित इंधन मिळतं. आमच्या इंजिनाला ते चालतं, सगळ्यांना चालत नाही.) डोळ्यांवर हूड, म्हणजे खिडकी दिसू नये अशी टोपीची लांब चोच. दिसतात फक्त सहा घड्याळं.

नजर फिरवायची पद्धत बसते आहे. मध्ये कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं), तिथून खाली हेडिंग (दिशा), परत मध्यावर, मग उंची, परत मध्यावर, मग वेग. कुठंही टक लावायची नाही. एकाच घड्याळावर नजर अडकली की बाकीची पाच आपापल्या वाटेनं जातात. उंचीवर फार लक्ष दिलं की दिशा दहा अंश सरकलेली, दिशा धरायला गेलं की शंभर फूट गेलेले.

मग बाईंनी सांगितलं, डोळे मीट आणि मान खाली घाल. विमान त्यांनी हळूहळू डावीकडे झुकवलं, इतकं हळू की मला कळलंच नाही. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव सेकंदाला दोनेक अंशांपेक्षा सावकाश झालेली हालचाल ओळखत नाही. मग त्यांनी पटकन सरळ केलं. डोळे उघडले तेव्हा कृत्रिम क्षितिज सपाट, आणि माझं सगळं शरीर ठामपणे सांगत होतं की आपण उजवीकडे कलंडलो आहोत. मान आपोआप डावीकडे गेली. आयसीयूत चक्कर आलेल्या माणसाला "काही नाही, पडून राहा" म्हणणं किती सोपं असतं! इथं पोटातून खात्री येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून हात स्थिर ठेवायचा असतो.

२४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटलनं लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर हेच पहिल्यांदा करून दाखवलं: पूर्ण झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण, फेरी आणि उतरणं. स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, कोल्समनचा अल्टिमीटर (उंचीचं घड्याळ). पुढच्या सीटवर बेन केल्सी, वेळ आलीच तर सावरायला.

२९ मार्च, शनिवार

आजचा दिवस या सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

निम्म्या वाटेवर बाईंनी पिशवीतून दोन रबरी चकत्या काढल्या आणि कृत्रिम क्षितिजावर नि हेडिंग इंडिकेटरवर चिकटवल्या. व्हॅक्यूम पंप गेला, म्हणाल्या. आमच्या विमानात ही दोन्ही घड्याळं इंजिनावर चालणाऱ्या एकाच पंपाच्या हवेवर फिरतात. टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं घड्याळ) विजेवर. वेग, उंची आणि चढ-उताराचा दर बाहेरच्या हवेच्या दाबावर. होकायंत्र कशावरच नाही. म्हणजे सहा घड्याळं दिसतात खरी, पण त्यांना बातमी पोचवणारे तीनच.

चकत्या लावल्यावर काम कठीण होतं, पण निदान घड्याळ बिघडलंय हे ठाऊक असतं. खरा पंप जातो तेव्हा चकती कुणी लावत नाही. आतला भोवरा हळूहळू मंदावतो आणि क्षितिज निवांत कलंडत जातं. कलंडताना ते पूर्वीसारखंच दिसतं, तेवढंच विश्वासार्ह. तेव्हा एकच उपाय: वेगळ्या वाटेनं चालणाऱ्या घड्याळाला विचारायचं. क्षितिज म्हणतंय उजवीकडे वळतोय, टर्न कोऑर्डिनेटर म्हणतोय सरळ, होकायंत्र हलत नाही. दोन विरुद्ध एक. एकाला झाका.

आणि इथं एक फसगत आहे. हेडिंग इंडिकेटर क्षितिजाच्या बाजूनं बोलला तरी त्याचं मत मोजायचं नाही, कारण दोघंही एकाच पंपावर. आयसीयूत हे आम्ही रोज करतो. मॉनिटरवर सरळ रेघ आली की आधी पेशंटकडे बघायचं आणि नाडीला हात लावायचा. बऱ्याचदा छातीवरची पट्टी निघालेली असते. पण त्याच पट्टीवरून येणारा दुसरा आकडा बघून "खरंच थांबलंय" म्हणणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा विचारणं.

होकायंत्राचे नखरे वेगळे. उत्तरेकडे वळताना ते मागे रेंगाळतं, दक्षिणेकडे वळताना पुढे पळतं. आमच्या ३७ अंश अक्षांशावर फरक साधारण तेवढ्याच अंशांचा. म्हणून बाई घड्याळ लावून वळायला लावतात: सेकंदाला तीन अंश, नव्वद अंशांना तीस सेकंद. हे मला आवडलं. हिशोब सरळ आहे.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

उड्डाण नाही. बारा ते तीन उपासना, रात्री ड्यूटी.

२६ एप्रिल, शनिवार

पावसाळी ढग, आत पाणी गोठण्याची पातळी खाली आलेली. या विमानाला बर्फ काढायची सोय नाही, म्हणून घरीच. जूनच्या भाषणासाठी एअर इंडिया ८५५ बद्दल वाचलं.

१ जानेवारी १९७८, संध्याकाळ. मुंबईच्या सांताक्रूझहून दुबईला निघालेलं 'एम्परर अशोक', कंपनीचं पहिलं ७४७. उड्डाणानंतर थोडं उजवीकडे वळून विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलंच राहिलं. समोर काळा समुद्र, बाहेर क्षितिज नाही. त्यांनी ते सरळ करायला विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं, शंभर अंशांच्या पुढे. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात गेलं. २१३ माणसं. विमानात आणखी दोन क्षितिजं होती. फ्लाइट इंजिनिअरनं दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला होता. त्याला वेळ पुरला नाही.

पप्पांना फोन केला. ते तेव्हा परळला नोकरीला होते. म्हणाले, नवीन वर्षाचा दिवस होता, आम्ही चर्चहून येऊन जेवत होतो, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता. मग लगेच म्हणाले, "तुला हेच वाचायला सापडलं का गं?" आईनं मागून विचारलं काय झालं, तर तिला म्हणाले, काही नाही, अभ्यास करतेय.

३ मे, शनिवार

होल्डिंग, म्हणजे हवेतच थांबून राहणं. आकाशातल्या एका अदृश्य बिंदूभोवती शर्यतीच्या मैदानाच्या आकाराच्या फेऱ्या, बाहेरची बाजू सुरुवातीला एक मिनिटाची. वारा रोज वेगळा, त्यामुळे मिनिट रोज वेगळं. आत शिरायच्या तीन पद्धती कागदावर पाठ झाल्या आहेत, हवेत आठवायला अंगठा हेडिंग इंडिकेटरवर ठेवावा लागतो. याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं आहे आणि करावं लागतं.

२४ मे, शनिवार

मोठी फेरी झाली. रीड-हिलव्ह्यू, पासो रोबल्स, स्टॉकटन, परत. क्लिअरन्स (कंट्रोलरची उड्डाणाची परवानगी) लिहून घेताना क्रम ठरलेला: कुठपर्यंत, कुठल्या वाटेनं, किती उंची, कुठली फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपॉन्डरचा (रडारवर आपली ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड. नॉर्कॅलचा (उत्तर कॅलिफोर्नियाच्या रडार केंद्राचा) कंट्रोलर श्वास न घेता बोलतो. सुरुवातीला मी सगळं लिहीत होते, आता पहिली अक्षरं.

स्टॉकटनची आयएलएस (धावपट्टीपर्यंत नेणारा रेडिओ किरण), धावपट्टी २९ उजवी. दोन सुया, एक डावी-उजवी, एक वर-खाली. तीन अंशांचा उतार, नव्वद नॉट वेगाला मिनिटाला साधारण ४५० फूट. जमिनीजवळ जावं तशी सुई हलकी होत जाते, कारण किरण निमुळता होत येतो. पाच मैलांवर जी दुरुस्ती चालते ती एका मैलावर फार मोठी. बाई म्हणतात, खाली येताना हात लहान कर. दोन बोटांनी धरलं की सुई बसते, मूठ आवळली की पळते.

व्हीओआरची अ‍ॅप्रोच मला सगळ्यांत कठीण गेली (व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं, दिशा सांगणारं रेडिओ केंद्र). तिथं वर-खालीची सुईच नाही, उंचीच्या पायऱ्या स्वतः उतरायच्या. जीपीएसच्या जमान्यात ही का शिकायची, असं हल्लीची मुलं विचारतात. जीपीएस गेलं तर, एवढंच उत्तर आहे.

१४ जून, शनिवार. मॉन्टेरे

पहिला खरा ढग.

सकाळी मॉन्टेरेला ढगाचा तळ जमिनीपासून ५०० फूट, माथा १,५०० च्या आसपास. वरून जाताना खाडीवर पांढरा सपाट पसारा, त्यातून इथल्या सांताक्रूझचे डोंगर वर आलेले. आयएलएस १० उजवी समुद्राकडून आत येते. हूड आज पिशवीत. मला वाटलं होतं ढग जवळ येताना दिसेल, तसा तो दिसतो आणि अचानक भलत्या वेगानं येतो. वर असताना वेगाची जाणीव नसते, ढगाच्या कडेला ती एकदम होते. मग काच पांढरी.

हूडखाली कडेनं थोडा उजेड दिसतो, सावली सरकते आणि मन नकळत तेवढ्याचा आधार घेत असतं. ढगात तेही नाही. सगळीकडून सारखाच उजेड. काचेवर पाण्याचे बारीक थेंब मागे पळत होते आणि डाव्या कानाला वाटत होतं विमान वर उठतंय. क्षितिज सपाट, टर्न कोऑर्डिनेटर सपाट, वेग नव्वद, उतार पाचशेच्या जरा आत. चौघांचं एकमत. मग कानाचं ऐकायचं कारण नव्हतं. बाई अख्ख्या उतारात एकदाच बोलल्या: लोकलायझर (डावी-उजवी सुई). अर्धा ठिपका होता, दोन अंश उजवीकडे वळून धरला.

अल्टिमीटरवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून, सातशे ऐंशी फुटांना आधी खाली काहीतरी काळपट हललं. वर बघायचा मोह झाला. बघितलं नाही, अजून पन्नास फूट सुयांवर काढले. मग नजर वर, आणि अ‍ॅप्रोचच्या दिव्यांची रांग सरळ समोर, ओली धावपट्टी, कडेला गोल्फ खेळायला निघालेली माणसं. मोठ्यानं हसू आलं.

मासे खाल्ले. अकरापर्यंत ढग विरलेला होता, परत येताना त्याचा मागमूस नाही.

२२ जून, रविवार

मंडळीपुढे बोलले. साक्ष द्यायची म्हणजे सुरुवात "प्रभूची स्तुती असो" नं होते, तशी केली, आणि मग सरळ वांद्र्याच्या समुद्रावर आले. वयस्कर मंडळींपैकी काहींना ते विमान आठवत होतं, सभागृह शांत झालं.

मी म्हटलं ते थोडक्यात असं. ढगात मी कोणत्याही एका घड्याळावर विश्वास ठेवत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात एका साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला दोषी धरत नाहीत, दोघा-तिघांची साक्ष लागते. विमानातही तेच. फक्त ते साक्षीदार वेगवेगळ्या वाटेनं आलेले हवेत, एकाच पंपावर चालणारे दोन नकोत. माझ्या मनाला जे वाटतं ते तर साक्षीदारही नाही, कारण त्या वेळी माझ्या कानातलं पाणीच फिरत असतं.

नंतर एका काकांना ते पटलं नाही. मग विश्वासाला जागा कुठं राहिली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पडताळून झाल्यावर सुई अर्धा ठिपका सरकली तर विमान वळवावं लागतं, खिडकीत काही दिसत नसताना. तिथं. त्यांनी मान हलवली, होकारार्थी होती असं मला वाटलं नाही. पाळकसाहेब मात्र म्हणाले, पुढच्या वेळी मी उदाहरण बदलीन.

३ जुलै, गुरुवार

लेखी परीक्षा पास. उरलेलं सगळं आता तोंडी आणि प्रत्यक्षवर.

आज येशूचा शिष्य थोमा याचा सण. संडे स्कूलपासून त्याला संशयी म्हणून हिणवलेलं ऐकलंय. त्यानं फक्त इतरांनी जे बघितलं तेच, पुन्हा उठलेला येशू, बघायला मागितलं आणि दाखवल्यावर सगळ्यांपेक्षा स्पष्ट बोलला. मला तो बरा वाटतो.

९ ऑगस्ट, शनिवार

बाईंबरोबर तोंडी परीक्षेची तालीम. रेडिओ गेला तर कुठली वाट आणि कुठली उंची. इंधन किती: मुक्कामापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत, वर ४५ मिनिटं. पर्याय कधी लागतो: पोचण्याच्या तासाभर आधीपासून तासाभर नंतरपर्यंत २,००० फूट तळ आणि तीन मैल दृश्यता नसेल तर. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन धाकटा हेच रेटिंग अर्धवट शिकला होता, जुलै १९९९ मध्ये धुरकट रात्री त्याचं विमान समुद्रात पडलं. २०२० मध्ये कॅलाबाससला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या कोसळलेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाकडे तर हे रेटिंग होतं. बाईंनी दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून विचारलं, कागद असणाऱ्यात आणि नसणाऱ्यात फरक काय? उत्तर द्यायला वेळ लागला. शेवटी मी म्हटलं, रेटिंग असूनही आधी परवानगी आणि मार्ग न ठरवता ढगाला भिडणारा आणि रेटिंगच नसणारा, त्या क्षणी सारखेच. त्यांनी पुढचा प्रश्न काढला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

परीक्षा झाली. पास.

परीक्षक मोजकं बोलणारे. तोंडीत त्यांनी हवामानावरच ठाण मांडलं. हवेत तीन अ‍ॅप्रोच, त्यातली एक चकत्या लावून. उंची शंभर फुटांच्या आत, दिशा दहा अंशांच्या आत, आयएलएसची सुई पाऊण मापाच्या आत. चकत्या लागल्या तेव्हा उलट जरा सैल झाले, कारण तोवर तो माझा भाग होता. होल्डमध्ये वारा वळला, मिनिट पंधरा सेकंदांनी वाढवलं. ते काही बोलले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं. उतरल्यावर तात्पुरतं सर्टिफिकेट छापून हातात दिलं, आणि पहिला प्रश्न: व्हॅक्यूम पंप शेवटचा कधी बदलला? नोंदवही काढून दाखवली.

आईला कळवलं. तिचं उत्तर: देव भलं करो, आता ढगात जाऊ नकोस.

६ सप्टेंबर, शनिवार

कायद्यानं मला २०० फुटांपर्यंत उतरता येतं. स्वतःसाठी ठरवलेलं वेगळं: तळ १,००० फूट, दृश्यता तीन मैल, रात्री ढग नाही, रात्रपाळीनंतर २४ तास विमान नाही. बाईंनी बघितलं, रात्रपाळीच्या ओळीखाली रेघ मारली.

चालू राहण्यासाठी सहा महिन्यांत सहा अ‍ॅप्रोच, होल्डिंग आणि मार्ग पकडून धरणं. पुढच्या शनिवारी सॅलिनास बुक केलंय, ढग असला तर उत्तम. त्याआधी व्हीओआरची ३० दिवसांची तपासणी. आजवर ती बाई करायच्या. आता तारीख, जागा, किती अंश चूक आणि खाली सही, चारही रकाने मलाच भरायचे. जमिनीवर चार अंशांपर्यंत चालतं. आज दीड आला, लिहिला.